विक्री कुठे झाली?

औषध घरात होतं. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की तुटवडा असेल, रस्ता बंद असेल, गाडी अडकली असेल. असलं काहीही नव्हतं. फडताळावर, हात लांबवला की लागेल इतक्या अंतरावर, एका पांढऱ्या डब्यात एकोणीस दिवस पुरेल इतकं मॉर्फिन होतं. आणि समोर खाटेवर माझा भाऊ दातांत टॉवेल धरून पडला होता.

मंगळवार, सकाळचे पावणेदहा. डब्याचा कप्पा साधारण याच वेळेला उघडायचा. त्या दिवशी कप्पा उघडला नाही, नुसता डबा बोलला. तोच गोड, धुऊन काढलेला आवाज.

“नमस्कार मारोतीजी. आपल्या भागातील सेवा पुढील सूचनेपर्यंत स्थगित आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”

गैरसोय! बस चुकली तर गैरसोय म्हणतात. नळाला पाणी आलं नाही तर म्हणतात. कण्याच्या हाडात कॅन्सर शिरलेल्या माणसाचं औषध तोडणं याला कुठल्या भाषेत गैरसोय म्हणतात, ते मला त्या बाईला विचारायचं होतं. पण ती बाई नव्हतीच.

“उघडला का वं, कुंदे?” दादानं टॉवेल काढून विचारलं.

“उघडते दादा. थांब जराक.”

खोटं बोलले. डब्यावरच्या पट्टीवर कारण लिहून आलं होतं, ते मी वाचलं होतं. न्यायालयाचा अंतरिम आदेश. विक्री कुठे झाली हे ठरेपर्यंत विक्री बंद.

मी कुंदा ढवस. वय बावन्न, शिक्षण डी. फार्म. गाव बोरमाळ, चंद्रपूर जिल्ह्यातलं कोळशाचं गाव. यजमान होते तोवर ‘ढवस मेडिकल’ हे आमचं दुकान होतं. आता त्याच गाळ्यात मी वह्या-पुस्तकं विकते. मारोतदादा माझा थोरला भाऊ. खाणीत शॉटफायरर होता, म्हणजे सुरुंग उडवणारा. एकतीस वर्षं दगड फोडला आणि एका माणसाला जायबंदी होऊ दिलं नाही. वहिनी गेल्यावर माझ्याकडे राहायला आला. आम्ही दोघं म्हातारपणी पुन्हा लहानपणासारखे भांडत होतो आणि बरं चाललं होतं.

आता डब्याची करामत नीट सांगते, कारण माझा राग यंत्रावर नाही.

रुग्णाच्या दंडावर रुपयाएवढी एक टिकली चिकटवतात. ती घाम वाचते. दर दहा मिनिटांनी. औषध अंगात किती उरलंय हे घामातून कळतं, आणि दुखायला लागलं की शरीर जी द्रव्यं सोडतं तीही घामात उतरतात. माणूस ‘दुखतंय’ म्हणायच्या अर्धा तास आधी टिकलीला ते ठाऊक असतं. टिकली हे आकडे दूरच्या सर्व्हरला कळवते, सर्व्हर हिशेब करतो आणि डब्याला सांगतो: आता उघड, इतकीच मात्रा दे. पूर्वी आम्ही मॉर्फिन घड्याळ लावून द्यायचो. दुखणं घड्याळ लावून येत नाही. कमी पडलं तर माणूस किंचाळतो, जास्त झालं तर श्वास मंदावतो. डबा या दोन्हींच्या मधली वाट काढायचा, आणि ती वाट प्रत्येक माणसाची निराळी, दर दिवसाची निराळी. शिवाय डबा फोडला तर आतल्या भिंतीतला राळेसारखा पदार्थ औषधावर पसरतो आणि सगळं दगड होऊन बसतं. चोराच्या हाती काही लागत नाही. पाच महिने दादा या डब्याच्या जिवावर पेपर वाचत होता, चौकातल्या टपरीपर्यंत चालत जात होता, माझ्या वरणाला नावं ठेवत होता.

यंत्र चोख होतं. घोडं अडलं ते एका प्रश्नावर.

औषधविक्रीचा कायदा लिहिला तेव्हा दुकानाला शटर होतं. शटरच्या आत फार्मासिस्ट, बाहेर गिऱ्हाईक, मध्ये काउंटर. विक्री कुठे झाली? काउंटरवर. मग औषधं फोनवरून मागवायचे दिवस आले. ऑनलाइन विक्रीचे नियम करायला घेतले, मसुदा निघाला, हरकती मागवल्या, आणि मसुदा मसुदाच राहिला. वीस वर्षं हे घोंगडं भिजत पडलं. परवानगी नाही, बंदीही नाही. तापाच्या गोळ्यांना ते चालून गेलं. पण मॉर्फिनसारखी औषधं वेगळ्या, कडक कायद्याखाली येतात. ती कोणी, कुठे, कुणाला विकली याची नोंद लागते. २०३७ साली ‘कुपीघर’ नावाच्या कंपनीनं हे डबे आणले तेव्हा कुणीतरी हा प्रश्न विचारायला हवा होता. डबा एका राज्यातल्या गोदामात भरतात. सर्व्हर दुसऱ्या राज्यात. कप्पा उघडतो तिसऱ्या राज्यात, रुग्णाच्या फडताळावर. विक्री यातली कुठली? तीन राज्यांची तीन खाती, आणि तिघांचेही हात वर. दोन वर्षांनी प्रकरण न्यायालयात गेलं, आणि तिथून हा आदेश आला.

आणि आता माझी गोष्ट. लाज वाटते, पण लिहिते.

आमच्या धंद्यात एक रीत होती. फार्मासिस्टचं सर्टिफिकेट दुकानाच्या भिंतीवर टांगलेलं लागतं. दुकानदाराकडे ते नसलं तर तो दुसऱ्याचं भाड्यानं घ्यायचा. सर्टिफिकेटवाला महिन्यातून एकदा यायचा, कोऱ्या बिलबुकावर खालपर्यंत सह्या ठोकायचा, चहा प्यायचा आणि जायचा. सगळ्यांना ठाऊक होतं, तपासायला येणाऱ्यांना सगळ्यात जास्त. आमचं दुकान बंद झाल्यावर कुपीघरचा माणूस माझ्याकडे आला. म्हणाला, “मॅडम, प्रत्येक चिठ्ठी फार्मासिस्टनं तपासायची असते. आमचं सॉफ्टवेअर तपासतं, तुमची फक्त डिजिटल सही.” मी अंगठा लावला, डोळ्यांचा फोटो दिला, चहा पाजला. मला वाटलं, बिलबुकच आहे, जरा नव्या पद्धतीचं. फार्मासिस्ट सोडून दुसरं कुणी असं वागलं नसतं. कुणीही शहाणा माणूस कोऱ्या कागदावर सही करताना थबकतो. आमच्या हाताला सवय होती.

मंगळवारी दुपारी डॉ. अल्मास शेख आल्या. जिल्ह्यात असल्या दुखण्यांच्या त्या एकट्याच डॉक्टर, स्कूटर चालवत गावोगाव फिरतात. दादाला घाम फुटला होता, पोटात कळा येत होत्या, हात कापत होते.

“हे नुसतं दुखणं नाही,” त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. “औषध एकदम तुटलंय. शरीर मागतंय.”

“मग द्या ना काहीतरी.”

“कुठून देऊ? मला लिहायचा परवाना आहे, बाळगायचा नाही. जिल्ह्यात चार दुकानं मॉर्फिन ठेवायची, डबे आल्यावर चौघांनी परवाने परत केले. रुग्णालयात आहे, पण फक्त भरती झालेल्यांना, आणि खाट रिकामी नाही.” त्यांनी हलक्या गोळ्यांची पट्टी माझ्या हातावर ठेवली. “यानं धार थोडी कमी होईल. थोडीच.”

“किती दिवस आहेत त्याच्याकडे?”

“महिना. कदाचित कमी. ते दिवस असे जाऊ नयेत एवढंच माझ्या हातात होतं, तेही काढून घेतलं.” असं म्हणून त्यांनी स्कूटरला लाथ मारली. स्कूटर पडली. मग आम्ही दोघींनी मिळून ती उचलली.

त्या गेल्यावर मी कुपीघरच्या हेल्पलाइनला फोन लावला. नाव सांगितलं, रुग्णाचा नंबर सांगितला. तासाभरात मला उलटा फोन आला, आणि तो कंपनीच्या वकिलाचा होता. सबनीस नाव.

“ताई, शांतपणे ऐका,” सबनीस म्हणाले. “या प्रकरणात तुम्ही कुठेही, कुणालाही काही लिहून देऊ नका.”

“मी काय लिहून देणार? माझा भाऊ इथे...”

“त्याबद्दल आम्हाला वाईट वाटतंच. पण तुमच्या सर्टिफिकेटबद्दल कुणी विचारलं तर ‘माहीत नाही’ म्हणायचं. आमची भूमिका स्पष्ट आहे. कंपनी औषध विकत नाही. आम्ही फक्त तंत्रज्ञान पुरवतो.”

“तुम्ही विकत नाही. मग विकतं कोण?”

“हाच तर न्यायालयापुढचा प्रश्न आहे,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला चक्क समाधान ऐकू आलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर माणूस मरणाच्या कळा सोसतोय, आणि हा म्हणतो प्रश्न छान आहे! पण रागाच्या भरातही एक गोष्ट डोक्यात राहिली. गप्प राहा म्हणायला वकील स्वतःहून फोन करतो, म्हणजे माझ्या बोलण्यानं काहीतरी होण्यासारखं आहे.

बुधवारी शेजारच्या बाईंना दादाजवळ बसवून मी औषध निरीक्षकांच्या कार्यालयात गेले. पुरुषोत्तम लांजेवार. आमच्या दुकानाची तपासणी करायला यायचे तेव्हा तरुण होते, आता केस पिकलेत. वाईट माणूस नाही. पण कुठल्याही कागदावर पहिली सही आपली नको, एवढ्या एका तत्त्वावर त्यांनी अख्खी नोकरी काढली.

“बसा वहिनी,” ते म्हणाले. “आम्ही वरून मार्गदर्शन मागवलं आहे.”

“कधी मागवलं?”

“दोन वर्षांपूर्वी.”

मी टेबलावर हात आपटला. त्यांचा पाण्याचा ग्लास सांडला. माझ्याकडे न बघता त्यांनी फाइल पुसली, आणि मग कुणास ठाऊक काय मनात आलं, तीच फाइल माझ्याकडे सरकवली.

“आदेशाचा अकरावा परिच्छेद वाचा,” ते म्हणाले. “मी सांगितलं म्हणू नका.”

तिथे लिहिलं होतं: राज्यातला नोंदणीकृत फार्मासिस्ट ज्या डब्यांबाबत स्वतः विक्रेता असल्याचं आणि विक्री आपल्या पत्त्यावरून झाल्याचं लेखी मान्य करील, ते डबे या आदेशातून वगळण्यात येत आहेत.

“म्हणजे कुणीतरी ‘मी विकलं’ म्हटलं की डबे उघडतील?”

“त्या सर्टिफिकेटवरचे उघडतील. राज्यात कुपीघरला सतरा जणांनी सर्टिफिकेटं दिली आहेत. सतराही गप्प आहेत. तुमच्या नंबरावर, भावाचा धरून, सहाशे बारा डबे आहेत.”

सहाशे बारा! मला वाटलं होतं पन्नास-साठ असतील.

“मग मी लिहून देते. आत्ता.”

“वहिनी, पूर्ण ऐका.” त्यांनी चष्मा काढला. “आजपासून विक्री माझी, मागची माहीत नाही, असं नाही चालत. नंबर एकच, करार एकच. मागचं सगळं तुमच्या अंगावर येईल. आणि मागं हे आहे.”

त्यांनी फाइलमधलं एक पान काढलं. कुपीघरच्या नोंदणीचा फॉर्म. रुग्णाचं वय ७१, हाडांचा कॅन्सर, डॉक्टरची चिठ्ठी जोडलेली, खाली माझी डिजिटल सही. आणि वर फोटो. मिसरूड नुकती फुटलेला एक पोरगा कॅमेऱ्याकडे बघून हसत होता.

“तन्मय मेश्राम, वय बावीस,” लांजेवार म्हणाले. “एका मेलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर नाव चढवून डबा मागवला. मिळालेल्या गोळ्या साठवून एकदम घेतल्या आणि पोरगा गेला. वर्ष झालं. सॉफ्टवेअरनं चिठ्ठीचा शिक्का तपासला, नंबर तपासला. वय आणि चेहरा एकत्र बघायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याची आई दर महिन्याला इथे येते. पोराला कुणी विकलं ते सांगा म्हणते.”

“तुम्ही काय सांगता?”

“मार्गदर्शन मागवलंय म्हणून सांगतो.” ते खिडकीकडे बघू लागले. “तुम्हाला एक सल्ला देतो. माझं सर्टिफिकेट फसवून वापरलं अशी तक्रार करा. तुम्ही सुटाल. सगळे तेच करणार आहेत.”

मी फोटो बघत होते. एक नजर टाकली असती तरी पुरलं असतं. एवढ्यासाठीच तर दोन वर्षं फार्मसी शिकवतात. औषधं ओळखायला नव्हे, ती यंत्रालाही ओळखता येतात. चिठ्ठीमागचा माणूस बघायला शिकवतात. मंगळवारपासून मी कंपनीला शिव्या देत होते, खात्याला देत होते, न्यायालयाला देत होते. त्या सगळ्या खऱ्या होत्या. पण यादीत एक नाव राहून गेलं होतं.

घरी आले तर दादा भिंतीला पाठ लावून अर्धवट बसला होता. आडवं झोपवत नव्हतं. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो ऐकून घेत होता, मधेच डोळे गच्च मिटत होता.

“म्हंजे तू किल्ली दुसऱ्याच्या हाती देली,” शेवटी तो म्हणाला.

“कोणती किल्ली?”

“शॉटफायररच्या मशीनले किल्ली राह्यते. ते गळ्यात राह्यते, जेवतानी बी अन् झोपतानी बी. मॅनेजरनं मांगितली तरी देयाची नाई. काहून? तं बत्ती देणाऱ्यानं पह्यले आपल्या डोळ्यानं पाहाव, कोणी आत राह्यला का म्हणून. एकतीस वर्षं मी कोणाले नाई देली. अन् तू चहा पाजून देऊन आली.”

“सगळेच देत होते दादा!” मी ओरडले. आजारी माणसावर ओरडले. “मी एकटी नव्हती!”

“बरं, मंग आता वापस घे.”

“अन् मले काही झालं तं? तुले कोण पाहीन?”

त्याच्या कपाळावरचा घाम मी पुसला.

“माह्यासाठी करू नको म्हणणार होतो,” दादा म्हणाला. “तसंच म्हणाव लागते मोठ्या भावानं. पण खोटं कायले बोलू? माह्यासाठीच कर वं. मले नाई सहन होत आता.”

आयुष्यात त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

गुरुवारी सकाळी कार्यालय उघडायच्या आधीच मी दारात उभी होते. लांजेवारांनी जबाब टाइप करायला घेतला.

“‘माझ्या देखरेखीखाली विक्री झाली’ असं घालतो,” ते म्हणाले. “आदेशाला शोभेल.”

“देखरेख नव्हती. लिहा, न पाहता विकलं.”

“वहिनी, त्यानं तुम्हीच अडचणीत याल.”

“न पाहता विकलं, पण विकलं मीच. विक्री बोरमाळला झाली, माझ्या पत्त्यावरून. एवढंच लिहा, आणि तन्मय मेश्रामचा नंबर वेगळा लिहा. तो सहाशे बारांत दडवू नका.”

त्यांनी लिहिलं. मी अंगठा दिला, आणि या वेळी वरचा मजकूर तीनदा वाचून दिला. त्यांनी तो ऑनलाइन चढवला. मग प्रिंटरमधून दुसरा कागद निघाला, तोही त्यांनी माझ्याचकडे सरकवला. सर्टिफिकेट रद्द का करू नये, याचा तीस दिवसांत खुलासा करावा. फौजदारी कारवाईचा हक्क राखून ठेवला आहे.

बघा म्हणजे! विक्री कुठे होते हे ज्यांना वीस वर्षांत सांगता आलं नाही, त्यांना माझी नोटीस काढायला वीस मिनिटंही लागली नाहीत. इतकी वर्षं यांना नियम नको होता, फास अडकवायला एक मान हवी होती. ती मिळाली आणि सगळं खातं कसं झोपेतून उठल्यासारखं कामाला लागलं. मी लांजेवारांना हे तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, “खरं आहे.” तेवढं म्हणायची हिंमत त्यांनी दाखवली, म्हणून लिहून ठेवते.

पण त्या तीस दिवसांत मी कायदेशीर विक्रेती होते. दुपारी पाऊण वाजता घरून शेजारच्या बाईंचा फोन आला. डब्याचा कप्पा उघडला होता. दादानं गोळी घेतली होती आणि रडत होता.

सबनीसांचा फोन आला तो त्यानंतर दहा मिनिटांनी.

“हे तुम्ही काय करून बसलात?” आता ‘ताई’ गळलं होतं.

“विक्रेती मी आहे ना? मग ऐका. माझ्या नंबरावरची एकही नवी चिठ्ठी माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय पुढे जाणार नाही. आणि सहाशे बारा जणांचे फॉर्म मला आजच्या आज पाठवा.”

“हे आमच्या व्यवस्थेत बसत नाही.”

“तुम्ही तर फक्त तंत्रज्ञान पुरवता. पुरवा मग.”

फॉर्म आले. वह्या-पुस्तकांचा गाळा बंद ठेवून मी सकाळी सातला टेबलाशी बसायची. एकेका माणसाला व्हिडिओवर फोन. नाव काय, वय काय, कुठे दुखतं, टिकली दाखवा, घरात आणखी कोण आहे. पहिला फोन मी दादालाच लावला, पलीकडच्या खोलीत.

“नाव?”

“तुहा बाप,” दादा म्हणाला. “मारोती पिंपळशेंडे. लिहून घे नीट.”

त्या आवाजानं मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

सहाशे बारांत चार डबे खोटे निघाले. ते मी बंद केले. उरलेल्यांना सांगितलं, माझ्याकडे तीस दिवस आहेत, तोवर सोय लावा. डॉ. शेख स्कूटर घेऊन त्या जुन्या चार दुकानदारांच्या मागे लागल्या. दोघांनी परवान्यासाठी पुन्हा अर्ज केले. बाकी सोळा फार्मासिस्ट अजून गप्प होते. त्यांचे हजारो डबे अजून बंद होते, त्या घरांतून काय चाललं असेल ते मला ठाऊक होतं. त्यातल्या एकाला, माझ्या वर्गातल्याला, मी फोन केला. त्यानं मुलीच्या लग्नाचं कारण सांगितलं. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अकराव्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात पन्नाशीची एक बाई उभी होती. हातात माझ्या जबाबाची प्रत, घामानं भिजलेली.

“ढवस मेडिकलवाली तूच काय?”

“हो. मीच.”

“मी पंचफुला मेश्राम. तन्मयची माय.”

मी बाजूला झाले. ती आत आली नाही. उंबऱ्यावरच उभी राहून बोलू लागली, आधी हळू.

“बारा महिने फिरून रायली मी. गोदामवाले म्हणे आम्ही डबा भरतो, विकत नाई. कंपनीवाले म्हणे आमची फकत मशीन. सायब म्हणे वरून मार्गदर्शन येऊ दे. पोलीस म्हणे कोणाच्या नावानं लिहू? माह्या पोराले जहर कोणं विकलं, हे मले या देशात कोणी सांगाले तयार नाई. एवढं इचारलं, तं माह्याकडेच पाहात, जशी मीच येडी.” तिनं कागद माझ्यासमोर धरला. “हे खरं हाये?”

“खरं आहे. मी विकलं.”

तिनं माझ्या थोबाडीत मारली. चष्मा खाली पडला. आतून दादा उठायची खटपट करत होता, खाट करकरली.

“उठू नको दादा,” मी ओरडले. “बस तिथेच.”

“फोटो होता त्याचा कागदावर,” ती म्हणाली. “पाह्यला होता तू?”

“नाही. तेव्हा नाही पाहिला. अकरा दिवसांपूर्वी पाहिला.”

“तेव्हा पाह्यला असता तं?”

लांजेवारांनी, सबनीसांनी, न्यायालयानं, कुणीही ज्याचं उत्तर दिलं नसतं तो हाच प्रश्न होता.

“तर डबा गेला नसता,” मी म्हणाले. “एवढ्या लहान पोराचं वय एकाहत्तर नसतं, हे कोणालाही कळलं असतं. मी बघायलाच बसले नाही.”

ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मी उभीच होते. तिच्या जवळ जायचा मला काही हक्क नव्हता.

तेवढ्यात फडताळावरचा डबा बोलला. “नमस्कार मारोतीजी. आपली मात्रा तयार आहे.” कप्पा उघडला.

पंचफुलाबाईंनी मान वर केली. डब्याकडे बघितलं. मग खाटेकडे. दादा घामानं डबडबला होता, भिंतीला धरून, तिच्याकडे बघायची हिंमत न होऊन खाली बघत होता.

“हाच तो डबा?”

“हाच.”

“अन् हा तुहा कोण?”

“भाऊ. थोरला.”

मी हलले नाही. त्या बाईसमोर त्या कप्प्यात हात घालणं माझ्यानं होईना. दादाच्या तोंडून एक आवाज निघाला, त्यानं तो गिळला, पण तिनं ऐकला.

“उभी काय रायली?” ती पदरानं डोळे पुसत माझ्यावर खेकसली. “दे त्याले पह्यले. मंग बाहेर ये. माहं बोलणं नाई झालं अजून.”

मी दादाला गोळी दिली, पाणी पाजलं, आणि बाहेर गेले.